जोडप्यांची थेरपी: क्षमा आणि जवळीक यांचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावायचा

‘थेरपी करून पाहिली, काही उपयोग झाला नाही’ असं जोडपी सांगतात तेव्हा नीट विचारपूस केली, तर पुष्कळदा पद्धत बरोबर असते, क्रम चुकलेला असतो. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच माफी मागून होते. लगेच ‘दोघं मिळून कुठेतरी जाऊन या’ असा सल्ला मिळतो. महिनाभराने पुन्हा तोच विषय, तेच शब्द, तोच राग. झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणण्याआधी बरंच काही व्हावं लागतं. ते काय आणि कोणत्या क्रमाने, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

थोडक्यात क्रम असा: सुरक्षितता, भांडणाचं चक्र थांबवणं, जखमेबद्दल बोलणं, जबाबदारी घेणं, घडलेल्याचा अर्थ लावणं, क्षमेचा निर्णय. शारीरिक जवळीक यांच्या मागोमाग येते. वेगवेगळ्या थेरपी-पद्धती वेगवेगळ्या टप्प्यांवर कामाला येतात, त्यामुळे ‘सर्वात चांगली पद्धत कोणती’ या प्रश्नापेक्षा ‘आत्ता आपण कोणत्या टप्प्यावर आहोत’ हा प्रश्न जास्त उपयोगी आहे.

लेखात ‘दुखावलेली व्यक्ती’ आणि ‘दुखावणारी व्यक्ती’ असे शब्द येतील. त्या जागी स्त्री असो वा पुरुष, पायऱ्या त्याच राहतात. अनेक जोडप्यांत दोघंही एकमेकांना दुखावलेले असतात. तेव्हा एका वेळी एकच जखम घ्यायची, ‘पण तूसुद्धा’ची जखम नंतर, तिच्या स्वतंत्र वेळी.

## तयारी: आधी थांबून काय पाहायचं

चार परिस्थितींत दोघांनी एकत्र बसण्याची थेरपी लगेच सुरू करायची नसते.

१. मारहाण, धमक्या, शारीरिक संबंधांची जबरदस्ती, किंवा पैसा, फोन, बाहेर जाणं-येणं यावर एकाने ठेवलेला ताबा. अशा घरात सत्रात खरं बोलणाऱ्याला त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. इथे आधी सुरक्षिततेची मदत आणि वैयक्तिक समुपदेशन हवं. क्षमेचा विषय तर काढूच नये.

२. तिसऱ्या व्यक्तीशी संबंध अजून चालू आहेत. रोज नव्याने होत असलेली जखम शिवता येत नाही.

३. व्यसनावर कोणताही उपचार सुरू नाही. व्यसनाचा उपचार आणि जोडप्याची थेरपी बरोबरीने चालू शकतात, पण पहिल्याला फाटा देऊन दुसरी चालत नाही.

४. एकाला नातं वाचवायचं आहे, दुसऱ्याचं अर्ध मन बाहेर पडलेलं आहे. अशा जोडप्यांसाठी विल्यम डोहर्टी यांनी एक वेगळी, जास्तीत जास्त पाच भेटींची पद्धत बसवली आहे. तिचा हेतू नातं सुधारणं हा नसतो, निर्णय स्पष्ट करणं हा असतो: आहे तसं चालू ठेवायचं, वेगळं व्हायचं, की सहा महिने मनापासून थेरपी करून पाहायची. हा निर्णय झाल्याशिवाय सुरू केलेल्या थेरपीत एकजण काम करतो आणि दुसरा परीक्षकासारखा बघत बसतो.

तपासा: दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांशी न बोलता तीन उत्तरं लिहावीत. ‘मी मनातलं बोललो तर घरी मला भीती आहे का?’ ‘पुढचे सहा महिने मी स्वतःमध्ये काय बदलायला तयार आहे?’ ‘जोडीदाराला अजून माहीत नाही अशी, नात्यावर परिणाम करणारी काही गोष्ट आहे का?’ पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो कागद जोडीदाराला दाखवू नये, थेरपिस्टला एकट्याने भेटून सांगावं. दुसऱ्या प्रश्नाखाली फक्त जोडीदाराच्या चुकांची यादी आली असेल तर ते उत्तर अजून लिहिलेलंच नाही.

थेरपिस्ट निवडताना पदवीच्या पलीकडे तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का, सत्रात आवाज चढले तर तुम्ही काय करता, आणि एकट्याने सांगितलेलं गुपित तुम्ही कसं हाताळता. तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. काही थेरपिस्ट ‘इथे कोणतंही गुपित राहणार नाही’ असा नियम ठेवतात, काही ठरावीक मर्यादेत गोपनीयता पाळतात. नियम कोणताही असो, तो दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत हवा.

## टप्पा १: तक्रारीनुसार पद्धत ओळखणं

पद्धतींची नावं पाठ करायची गरज नाही, पण कोणती कशावर काम करते एवढं माहीत असावं.

एकजण पाठपुरावा करतो, प्रश्न विचारतो, चिडतो. दुसरा गप्प होतो, निघून जातो, कामात डोकं घालतो. अशा जोडप्यासाठी भावनाकेंद्री थेरपी. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी ती १९८० च्या दशकात विकसित केली. रागाच्या खाली दडलेली भीती, एकटेपणा, नाकारलं जाण्याचं दुःख वर आणणं हा तिचा गाभा. साधारण ८ ते २० सत्रं धरतात, जुनी खोल जखम असेल तर जास्त.

बोलण्याची सुरुवातच टोमण्याने होते, दोन मिनिटांत भडका उडतो, किंवा मैत्रीच उरलेली नाही: गॉटमन पद्धत. जॉन आणि ज्युली गॉटमन यांच्या या पद्धतीत कौशल्यांवर भर असतो, त्यामुळे घरी करायचा सराव बराच मिळतो.

मूळ स्वभावच वेगळे आहेत, एकाला माणसं हवीत, दुसऱ्याला शांतता. वर्षानुवर्षं एकमेकांना बदलण्याचा प्रयत्न चालू आहे: अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांची एकात्मिक वर्तन थेरपी. काय बदलू शकतं आणि काय स्वीकारावं लागेल याची वाटणी इथे नीट होते. या पद्धतीच्या एका मोठ्या अभ्यासात जोडप्यांना जास्तीत जास्त २६ सत्रं दिली होती. चार भेटींत निकाल मागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जोडीदाराच्या प्रत्येक वागण्याचा वाईटच अर्थ लावायची सवय जडली असेल तर विचार-वर्तन थेरपी. ऐकूनच घेतलं जात नाही अशी तक्रार असेल तर इमागो संवाद, म्हणजे आधी ऐकलेलं परत सांगून मगच पुढे बोलण्याची रीत. फसवणूक उघड झाली असेल तर क्षमेचे टप्पे ठरवून देणारी पद्धत लागते, ती टप्पा ४ पासून पुढे येईल. शारीरिक जवळीक थांबली असेल तर स्पर्शाचे क्रमवार सराव, टप्पा ७ मध्ये.

सावधान: एकाच वेळी तीन पद्धतींचे तुकडे गोळा करू नका. सोमवारी एका व्हिडिओतला सराव, गुरुवारी दुसऱ्याच पुस्तकातला, असं केलं की कशानेच फरक पडत नाही आणि जोडीदाराला आपण प्रयोगशाळेतला नमुना झालो असं वाटू लागतं.

## टप्पा २: पहिल्या तीन-चार भेटी

अनेक पद्धतींत सुरुवात अशी होते: एक भेट दोघांची, मग प्रत्येकाची एक-एक वेगळी भेट, मग पुन्हा दोघांना बसवून थेरपिस्टने आपल्याला काय दिसलं ते सांगणं. चौथ्या भेटीआधी ‘उपाय’ मागू नका. घाईने दिलेला उपाय साधारणपणे ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूचा निघतो.

पहिल्या भेटीला जाताना प्रत्येकाने एक पान लिहून न्यावं: नातं कशामुळे जुळलं होतं, अडचण पहिल्यांदा केव्हा जाणवली, शेवटचं मोठं भांडण क्रमाने कसं घडलं. भांडणात कोण बरोबर होतं ते नको. कोणी काय म्हटलं, मग मला काय वाटलं, मग मी काय केलं, एवढंच.

## टप्पा ३: भांडणाचं चक्र थांबवणं

जखमेबद्दल बोलायची घाई असते, आणि दुखावलेल्या व्यक्तीची ती घाई समजण्यासारखी आहे. पण साधं वीज बिल कोणी भरायचं यावर आवाज चढत असेल तर विश्वासघातावरचं बोलणं नीट पार पडेल कसं? म्हणून आधी चक्र.

चक्र कागदावर काढा. मध्ये एक वर्तुळ, दोन्ही बाजूंना एकेकाचं नाव. प्रत्येकाने आपल्या बाजूला चार ओळी भरायच्या: मी काय करतो/करते (आवाज चढवते, खोलीतून जातो), तेव्हा मला वरवर काय वाटतं (राग, वैताग), खोलवर काय वाटतं (मी हिच्या दृष्टीने कधीच पुरेसा नाही, मी याला नकोशी झाले आहे), आणि माझ्या वागण्याने समोरच्याच्या मनात काय होत असेल. चारही ओळी भरल्या की एक गोष्ट दिसते: त्याचं गप्प बसणं तिच्या आवाजाला इंधन देतं आणि तिचा आवाज त्याच्या गप्प बसण्याला. चक्राला एखादं नाव द्या. भांडण सुरू झालं की ‘तू पुन्हा तसंच करतेस’ म्हणण्याऐवजी ‘ते चक्र पुन्हा सुरू झालं’ असं म्हणता येतं. समस्येला माणसापासून वेगळं करण्याची ही युक्ती मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनात्मक थेरपीतही मध्यवर्ती आहे.

विश्रांतीचा नियम ठरवा, शांत असताना. चिडलेल्या शरीराला ऐकू येत नाही. गॉटमन यांच्या कामात नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणूस समोरच्याचं म्हणणं नीट आत घेऊ शकत नाही, असं मानलं जातं. मोजायला सोपं आहे: मनगटावर बोट ठेवून १५ सेकंद ठोके मोजा. २५ किंवा जास्त आले तर बोलणं थांबवा. नियमाचे चार भाग:

- थांबण्यासाठी ठरलेला एक शब्द किंवा हाताची खूण.
- थांबवणाऱ्यानेच परत येण्याची वेळ सांगायची: ‘अर्ध्या तासाने, साडेनऊला.’
- किमान २० मिनिटं, जास्तीत जास्त २४ तास.
- त्या वेळात मनातल्या मनात वकिली करायची नाही. चालणं, श्वास, भांडी घासणं, काहीही चालेल.

सर्वात जास्त चूक दुसऱ्या भागात होते. वेळ न सांगता उठून जाणं म्हणजे विश्रांती नव्हे. पाठपुरावा करणाऱ्या जोडीदाराला ते सोडून जाणंच वाटतं, आणि चक्राला आणखी वेग येतो.

सुरुवात मऊ करा. वाक्याची बांधणी तीन तुकड्यांची: मला काय वाटतं, नेमकी कोणती घटना, मला काय हवं आहे. ‘तुला माझी पडलेलीच नाही’ ऐवजी ‘काल तू उशीर होईल ते कळवलं नाहीस, मी घाबरले होते, यापुढे एक मेसेज टाकशील का?’ तिसरा तुकडा गाळला तर वाक्य पुन्हा तक्रारच होतं.

टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं या चार सवयींवर गॉटमन यांचा विशेष रोख आहे. चौघींत तुच्छता सर्वात विषारी. डोळे फिरवणं, नक्कल करणं, ‘तुला काय कळतंय’ हे ज्या घरात रोज चालतं, तिथे पुढचे टप्पे चालणार नाहीत. आधी ते बंद.

सगळे वाद मिटवून मग पुढे जाऊ, असंही म्हणू नका. गॉटमन यांच्या निरीक्षणात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात, स्वभावातून आलेले. ते मिटत नाहीत, पण त्यांच्याबद्दल दुखावल्याशिवाय बोलता येऊ शकतं. या टप्प्यात एवढंच साधायचं आहे.

तपासा: सलग दोन-तीन आठवड्यांत किमान तीन वेळा चक्र मध्येच ओळखून थांबवता आलं का, आणि ठरल्या वेळी परत येऊन बोलणं झालं का? झालं असेल तर पुढे. नसेल तर इथेच थांबा, यात कमीपणा काही नाही.

## टप्पा ४: जखमेबद्दल बोलणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा, कारण क्षमा इथेच घडते किंवा इथेच बिघडते.

जखम म्हणजे फक्त परपुरुष किंवा परस्त्री नव्हे. गर्भपाताच्या वेळी सोबत नसणं, आईवडिलांच्या मृत्यूनंतर ‘किती दिवस रडणार’ असं म्हणणं, लपवलेलं कर्ज, आजारपणात झालेलं दुर्लक्ष, चारचौघांत झालेला अपमान. ऐन गरजेच्या क्षणी जोडीदार उभा राहिला नाही, या अनुभवाला भावनाकेंद्री थेरपीत नात्याची जखम मानतात. बाहेरून घटना क्षुल्लक दिसू शकते. तिचं माप घटनेच्या आकाराने घ्यायचं नाही. ‘तुझ्यावर विसंबता येतं का’ या प्रश्नाला त्या दिवशी ‘नाही’ असं उत्तर मिळालं, यात तिचं वजन असतं.

फसवणुकीची जखम असेल तर या टप्प्याआधी एक काम: सत्य एकदाच, पूर्ण. आज थोडं, पकडल्यावर आणखी थोडं, महिन्याने उरलेलं, असं सत्य हप्त्याहप्त्याने बाहेर आलं की प्रत्येक हप्ता नवा विश्वासघात ठरतो आणि दुखावलेली व्यक्ती दर वेळी पहिल्या दिवसावर परत जाते. सांगणं थेरपिस्टच्या उपस्थितीत, तारीख ठरवून करावं. दुखावलेल्या व्यक्तीने प्रश्न आधी लिहून आणावेत. केव्हापासून, किती काळ, कोणाला माहीत होतं, पैसा किती गेला, आता संपर्क आहे का, हे प्रश्न विचारावेतच. शरीरसंबंधांचे बारीक तपशील मात्र विचारू नयेत. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही, आणि त्याने समजही वाढत नाही.

मग बोलण्याच्या पायऱ्या, याच क्रमाने:

१. दुखावलेली व्यक्ती घटना सांगते, एकच घटना, एकच दिवस. ‘तू नेहमीच’ हा शब्द आला की थेरपिस्ट थांबवतात, कारण त्याने ऐकणारा लगेच अपवाद शोधू लागतो.

२. दुखावणारी व्यक्ती ऐकलेलं परत सांगते. इथे इमागो संवादाची तीन पावलं उपयोगी पडतात: आधी तिचेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे म्हणणं आणि ‘मी बरोबर ऐकलं का? अजून काही आहे?’ असं विचारणं. मग ‘तुझ्या जागेवरून पाहिलं तर हे असं वाटणं साहजिक आहे’. मग ‘तेव्हा तुला एकटं, घाबरल्यासारखं वाटलं असेल.’ मधल्या पावलाला पुष्कळजण अडखळतात. समोरच्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे असं म्हणणं म्हणजे आपला गुन्हा सर्व बाजूंनी सिद्ध झाला असं नव्हे.

३. दुखावलेली व्यक्ती रागाच्या खाली उतरते. ‘मला तुझा संताप येतो’ इथून ‘त्या रात्री मला कळलं की माझं काही बरंवाईट झालं तरी कोणी येणार नाही’ इथपर्यंत. ही पायरी घाईने होत नाही. कधी दोन-तीन सत्रं एकट्या हिच्यासाठी लागतात.

४. दुखावणारी व्यक्ती त्या दुःखाने हलते, आणि ते दिसू देते. डोळे वर करून, खुर्चीत पुढे सरकून, साध्या शब्दांत. बचाव, कारणं, ‘माझी पण परिस्थिती’ हे सगळं पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवायचं.

५. दुखावलेली व्यक्ती जे तेव्हा मिळालं नाही ते आत्ता मागते. ‘माझा हात धर.’ ‘माझ्याजवळ बसून राहा.’

६. आणि ते मिळतं. या क्षणी खोलीतलं वातावरण बदललेलं दोघांनाही जाणवतं.

कुठे बिघडतं: दुसऱ्या पायरीवरून थेट ‘सॉरी म्हटलं ना!’ वर उडी. किंवा चौथ्या पायरीत दुखावणारी व्यक्ती अपराधी भावनेने इतकी कोसळते की दुखावलेल्या व्यक्तीलाच तिची समजूत काढावी लागते. ‘मी फारच वाईट माणूस आहे’ हे वाक्य ऐकायला पश्चात्तापासारखं वाटतं, पण त्याने प्रकाशझोत पुन्हा दुखावणाऱ्यावर येतो. असं झालं तर थांबा, श्वास घ्या, आणि समोरच्याच्या दुःखाकडे परत या.

सावधान: हे बोलणं झोपायच्या वेळी, गाडी चालवताना, मुलं जागी असताना किंवा कोणी दारू घेतलेली असताना सुरू करू नये. घरी बोलायचं तर आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटांची मर्यादा ठेवून. फसवणुकीनंतर प्रश्न रात्रंदिवस येत राहतात. ते वहीत लिहून ठरलेल्या वेळेपर्यंत ठेवले की दोघांनाही झोप मिळते. आणि ठरलेली वेळ दुखावणाऱ्या व्यक्तीने स्वतःहून आठवण ठेवून पाळावी. विषय दर वेळी दुखावलेल्या व्यक्तीलाच काढावा लागला तर त्यातूनही एक जखम होते.

## टप्पा ५: माफी मागणं, आणि असं का घडलं ते समजून घेणं

माफीत पाच गोष्टी हव्यात: मी नेमकं काय केलं, त्याने तुझं काय झालं, ती निवड माझी होती, यापुढे काय वेगळं करेन, आणि भरपाई म्हणून काय करू शकतो. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ यात यांतली एकही नाही. ‘माफ कर, पण तू सुद्धा’ यातला ‘पण’ आधीचं सगळं पुसून टाकतो.

कारणमीमांसा माफीनंतर. डोनाल्ड बॉकम, डग्लस स्नायडर आणि क्रिस्टिना गॉर्डन यांनी फसवणुकीनंतरच्या थेरपीचे तीन टप्पे आखले आहेत: आघात, अर्थ, पुढे जाणं. दुसऱ्या टप्प्यात नात्यातला दुरावा, बाहेरचे ताण, दुखावणाऱ्या व्यक्तीच्या स्वभावातल्या कमकुवत जागा हे सगळं तपासलं जातं. नात्यात कमी-जास्त होतं याची जबाबदारी दोघांची असू शकते, फसवण्याच्या निर्णयाची जबाबदारी मात्र एकाचीच. ही दोन वाक्यं वेगळी ठेवली नाहीत तर हा टप्पा दुखावलेल्या व्यक्तीवर आरोपपत्र ठेवण्यासारखा होतो.

तपासा: दुखावलेली व्यक्ती ‘हे का घडलं’ याची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू शकते का, जिच्यात दुखावणारा निव्वळ राक्षसही नाही आणि निर्दोषही नाही? आणि ‘पुन्हा घडण्याची शक्यता कशामुळे कमी झाली’ याला ठोस उत्तर आहे का? ‘त्याने वचन दिलंय’ हे ठोस उत्तर नव्हे.

## टप्पा ६: क्षमा

क्षमा, समेट आणि विश्वास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघं लागतात. विश्वास कोणी देऊन मिळत नाही, वागण्यातून साठतो. क्षमेचे अभ्यासक रॉबर्ट एनराइट यांच्या कामात पहिल्या दोहोंतला फरक स्पष्ट आहे: क्षमा करूनही एकत्र न राहण्याचा निर्णय घेता येतो. हे कळलं की अनेकांचं ओझं हलकं होतं, कारण ‘माफ केलं म्हणजे परत सगळं पूर्ववत’ या भीतीनेच ते क्षमेपासून दूर राहिलेले असतात.

एव्हरेट वर्दिंग्टन क्षमेचेही दोन भाग करतात. निर्णयाची क्षमा: सूड घेणार नाही, हे हत्यार म्हणून वापरणार नाही. भावनिक क्षमा: कडवटपणाची जागा हळूहळू दुसऱ्या भावना घेतात. निर्णय एका दिवसात होऊ शकतो, भावना महिने घेतात. निर्णयानंतरही राग आला म्हणजे क्षमा खोटी होती असा अर्थ काढू नये. त्यांच्या पाच पायऱ्या लिहून करायच्या असतात:

१. घटना आठवा, आता शिव्याशापांशिवाय, जमेल तेवढ्या तटस्थपणे.
२. समोरच्याच्या नजरेतून तीच घटना एक पान लिहा. पटली पाहिजे असं नाही.
३. आपल्याला कधी कोणी माफ केलं होतं ते आठवा, आणि तशीच देणगी द्यायची इच्छा होते का ते पाहा. होत नसेल तर इथेच थांबा, काही आठवड्यांनी परत या.
४. निर्णय कागदावर लिहा, तारखेसह. जोडीदाराला किंवा थेरपिस्टला वाचून दाखवा.
५. राग परत येईल तेव्हा तो कागद पुन्हा वाचा.

सावधान: क्षमेला मुदत घालू नका. ‘आता किती दिवस?’ हा प्रश्न दुखावणाऱ्याने विचारला की काटा मागे फिरतो. मोठ्या मनाने सोडून दे, असा आग्रह बाहेरच्या कोणीही धरू नये, थेरपिस्टनेही नाही.

## टप्पा ७: जवळीक

भावनिक जवळीक मोठ्या सहलींनी येत नाही, छोट्या प्रतिसादांनी येते. जोडीदार ‘बघ, केवढा पाऊस’ म्हणतो तेव्हा मान वर करणं, एवढ्यानेसुद्धा. रोज २० मिनिटं एकमेकांच्या दिवसाबद्दल, नात्याच्या बाहेरच्या ताणाबद्दल बोला. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही आणि समोरच्याच्या विरोधकाची बाजू घ्यायची नाही. हा सराव टप्पा ३ पासूनच सुरू करता येतो आणि करावा. वादाच्या वेळीसुद्धा एका कडवट क्षणाला निदान पाच बरे क्षण असावेत, असं गॉटमन सांगतात. ते हिशोबाने मोजू नयेत, पण प्रमाण उलटं झालंय का याकडे लक्ष असावं.

शारीरिक जवळिकीसाठी विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेले स्पर्शाचे सराव आजही वापरले जातात, आणि घरी करताना सर्वात जास्त चुकतात तेही हेच.

सुरू करण्याआधी: संबंधांच्या वेळी वेदना, ताठरता न येणं, कोरडेपणा असेल तर डॉक्टरांची तपासणी. फसवणूक झाली असेल तर दोघांची लैंगिक संसर्गांची तपासणी. काही संसर्ग लगेच दिसत नाहीत, म्हणून दुसरी तपासणी केव्हा करायची तेही डॉक्टरांना विचारा. पूर्वी अत्याचार झालेला असेल तर हे सराव थेरपिस्टच्या देखरेखीशिवाय नकोत.

पहिली पायरी. संभोगाला पूर्ण बंदी. ही बंदी दिखाऊ नाही, तिच्यामुळेच ‘याचा शेवट कशात होणार’ ही धास्ती जाते. आठवड्यातून दोन-तीनदा, पाळीपाळीने प्रत्येकी १५ मिनिटं, स्तन आणि जननेंद्रियं सोडून बाकी शरीराला स्पर्श. कपडे किती, हे जास्त संकोचणाऱ्याने ठरवायचं. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला आनंद देण्याचा प्रयत्न करायचा नाही. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण सगळा सराव यावर उभा आहे. लक्ष फक्त तीन गोष्टींवर: त्वचेचं तापमान, पोत, दाब. मन भरकटलं की पुन्हा त्या तिघांवर. नकोसा स्पर्श झाला तर हात हलकेच बाजूला सरकवायचा.

दुसरी पायरी. आधीचीच, पण स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य नाहीत. उत्तेजना आली तर आली, तिचा पाठलाग नाही. बंदी कायम.

तिसरी पायरी. एकाच वेळी दोघांनी स्पर्श करणं, आणि पुढे क्रमाक्रमाने संभोगापर्यंत. प्रत्येक पायरी दोघांनाही सहज वाटल्यावरच पुढची. एकाला जरी ताण असेल तर एक पायरी मागे.

कुठे बिघडतं: तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘छान चाललंय’ म्हणून बंदी मोडणं. त्या एका रात्री काही बिघडत नाही, पण पुढच्या वेळी नुसता हात लागला तरी मनात प्रश्न उठतो आणि सरावाचा पायाच जातो. दुसरी चूक, सराव झाल्या झाल्या ‘कसं वाटलं, आवडलं का?’ अशी परीक्षा घेणं. आपल्याला काय जाणवलं तेवढं प्रत्येकाने दोन वाक्यांत लिहून ठेवावं आणि पुढच्या सत्रात न्यावं.

क्षमेआधी शरीराने जवळ येणंही काही जोडप्यांत घडतं, विशेषतः फसवणूक उघड झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत. गमावण्याच्या भीतीतून ती ओढ येते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तपासण्या होईपर्यंत संरक्षण वापरावं, आणि जखम भरली असा समज दुखावणाऱ्याने करून घेऊ नये.

## टप्पा ८: सत्रं विरळ करणं आणि घसरणीची तयारी

थेरपी एकदम तोडू नये. आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी एक भेट. या काळात एक पान तयार करा: आमचं चक्र कसं सुरू होतं, पहिली खूण कोणती, थांबण्याचा शब्द कोणता, किती दिवस अबोला झाला तर थेरपिस्टला फोन करायचा. जखम उघड झाली ती तारीख, एखादी जागा, एखादा वास हे दर वर्षी खपली काढू शकतात. त्या तारखेच्या आठवडाभर आधी दुखावणाऱ्या व्यक्तीने स्वतःहून विचारावं: ‘तो दिवस जवळ आलाय. त्या दिवशी तुला काय हवं आहे? एकत्र राहूया की तुला एकटं राहायचंय?’

तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी ठरलेल्या भेटीची वाट न पाहता परत जा: टोमणे आणि डोळे फिरवणं पुन्हा रोजचं झालं, काही लपवलेलं नव्याने सापडलं, किंवा घरी ठरलेल्या वेळेचं बोलणं सलग तीन वेळा टळलं, आणि दोघांपैकी कोणालाच ते खटकलं नाही.